सहासष्ट टक्के

आईच्या हृदयाचा आकडा सहासष्ट होता आणि तो चांगला आहे हे तिला मी सांगितलं.

मार्च महिना होता. मी हेलसिंकीत ग्रंथालयात काम करते. आई कामाच्या वेळेतच फोन करायची, कारण पुस्तकं देणं-घेणं हे काम आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

“काइसू, कागद आलाय. तो इको केला होता ना, त्याचा.”

“फोटो पाठव, संध्याकाळी बघते.”

“फोटो पाठवायला मी काय सोळा वर्षांची आहे? ऐक. डावा कप्पा. रक्त बाहेर टाकण्याचं प्रमाण सहासष्ट टक्के. चांगलं की वाईट?”

समोर दोन माणसं पुस्तकं घेऊन उभी होती. मी संगणकावर शोधलं. पन्नासच्या वर असेल तर ठीक, असं लिहिलं होतं.

“उत्तम आहे, आई. माझा तेवढा नसेल.”

“त्यात काय नवल,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

कागदावर पुढे आणखी तीन ओळी होत्या. त्या तिने वाचल्या नाहीत आणि मी विचारल्या नाहीत. हृदयाच्या मायट्रल नावाच्या झडपेतून तीव्र गळती आहे, असं त्यांत लिहिलं होतं.

आईचं नाव हिल्का. वय चौऱ्याहत्तर. सावो भागातल्या आमच्या गावच्या शाळेत तिने आयुष्यभर व्यायाम शिकवला. अर्धं गाव तिच्या शिट्टीवर धावलंय. मीही तिच्याच वर्गात होते. स्कीच्या शर्यतीत मी शेवटची आले की ती घड्याळ उंच धरून सगळ्यांना दाखवायची, इतरांची मुलं शेवटची आली की दाखवायची तसंच. भेदभाव तिने कधी केला नाही.

निवृत्त झाल्यावर ती गावच्या हिवाळी पोहणाऱ्यांच्या मंडळाची अध्यक्ष झाली. तळ्याच्या काठी मंडळाचा सौना आहे, चुलीवर तापवलेली लाकडी खोली, त्याच्यापुढे लाकडी धक्का, आणि धक्क्याच्या टोकाशी बर्फात कापलेलं भोक. सौन्यात तापायचं, भोकात उतरायचं, परत तापायला यायचं. चौदा सभासद, सगळे साठीच्या पुढचे. मंडळात एक नियम आईने स्वतः घातला होता. नोव्हेंबरात भोक पहिल्यांदा उघडतं त्या रविवारी सौना नंतर पेटवायचा. आधी सगळ्यांनी थंड अंगाने पाण्यात उतरायचं. अध्यक्षाने सगळ्यांत पहिलं. “तापून कोणीही उतरतं,” ती म्हणायची. “शेकोटीजवळून उठून थुंकायला बाहेर गेल्यासारखं ते.”

दोन वर्षांपूर्वी रेइनोला हृदयविकाराचा झटका आला. रेइनो म्हणजे आमचा जुना बसड्रायव्हर. त्याचा आकडा पस्तीसवर आला होता आणि डॉक्टरांनी त्याला बर्फाचं पाणी बंद केलं होतं. आईने त्याला मंडळातून काढलं नाही. चूल सांभाळायला ठेवलं.

ईस्टरला मी घरी गेले तेव्हा ती सौन्यात वरच्या फळीवर बसली होती, डोक्याला लोकरीची टोपी, हातात पळा. खाली रेइनो लाकडं सारत होता. आईची मैत्रीण लेम्पी तिच्या शेजारी.

“लेम्पी, पस्तीस अधिक सहासष्ट किती?”

“एकशे एक.”

“म्हणजे मी आणि रेइनो मिळून एक माणूस होतो, आणि वर एक टक्का उरतो. तो काइसूला देऊ.”

लेम्पी हसली. रेइनोही हसला. तिच्यासमोर न हसण्याची सोय नव्हती.

“सहासष्ट?” तो म्हणाला. “मग डॉक्टरने परत का बोलावलंय?”

“कौतुक करायला,” आई म्हणाली आणि तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ थेट त्याच्या तोंडावर गेली.

एप्रिलमध्ये मी तिला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या, घाई न करता बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर आईचं हृदय दाखवलं. निळा-लाल रंग प्रत्येक ठोक्याला मागे उसळत होता.

“हिल्का, या कप्प्याला बाहेर जायला एकच वाट हवी. पुढे, शरीराकडे. मागच्या बाजूला जी झडप आहे ती रक्त आत घेते आणि मग मिटून राहते. तुमची मिटत नाही. मागे दाब कमी असतो, तिकडे जाणं सोपं. म्हणून हृदय आकसलं की निम्मं रक्त मागे जातं. पुढच्या ठोक्याला तेच परत येतं, आणि तुमचं हृदय तेच परत ढकलतं.”

“पण ढकलतंय ना? सहासष्ट.”

“सहासष्ट ढकललं जातं. शरीरापर्यंत पोचतं तेहेतीस.”

“मग तेहेतीस का नाही लिहिलंत?”

“कारण ते यंत्र कप्प्यातून किती गेलं ते मोजतं. कुठे गेलं ते खालच्या ओळींत लिहिलंय.”

आईने माझ्याकडे बोट केलं. “ही माझी मुलगी. शिकलेली आहे. पुस्तकांत राहते. ही म्हणाली, उत्तम.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पडद्याकडे बघत राहिले.

“झडप दुरुस्त करता येते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आता. हृदय अजून जोमात आहे तोवर. गळती असताना आकडा फसवा असतो, साठच्या खाली आला तर उशीर झाला असं आम्ही धरतो. आणि बर्फाचं पाणी आजपासून बंद.”

“मी शेवटची हॉस्पिटलात राहिले ती हिला जन्म द्यायला,” आई म्हणाली. “तेव्हाही फार काही हाती लागलं नाही.”

ती कोट घ्यायला बाहेर गेली तेव्हा मी डॉक्टरांना सौन्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “गरमीत त्यांना बरंच वाटेल. अंगातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, पुढची वाट सोपी होते, मागे कमी जातं. त्या बरं वाटण्यावर विसंबू नका. थंडीत नेमकं उलटं होतं. वाहिन्या आवळतात, पुढे जाणं कठीण होतं, आणि सगळं मागे, फुप्फुसांत जाऊन साचतं. तापलेल्या अंगाने एखादा क्षण कदाचित निभेल. थंड अंगाने नाही.”

हे मला एप्रिलपासून माहीत होतं.

शस्त्रक्रियेची पहिली तारीख जूनमध्ये आली. आईने ती नाकारली, कारण भर उन्हाळ्यातल्या सणाला सौना कोण बघणार. दुसरी सप्टेंबरात आली. तेव्हा मश्रूमचा हंगाम होता. प्रत्येक वेळी मी तिच्याशी फोनवर भांडले आणि प्रत्येक वेळी ती मला सौन्यात बोलवायची.

“ये आणि बघ. वरची फळी, चाळीस मिनिटं. धाप लागतेय? तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला घेऊन ये, तिलाही बसवते.”

मी गेले. सौन्यात खरंच तिला धाप लागत नव्हती. तिचे गाल लाल व्हायचे, आवाज मोकळा व्हायचा, ती लेम्पीची, रेइनोची, माझ्या घटस्फोटाची टिंगल करायची. आमच्याकडे ज्याला सौन्यात बसवत नाही तो आजारी, ज्याला बसवतं तो धडधाकट. तिचे आईवडीलही असंच जोखायचे. आकड्यापेक्षाही तिचा या फळीवर विश्वास होता.

बाहेर मात्र ती लाकडं आणताना मधेच थांबायची आणि बर्चच्या झाडाकडे निरखून बघायची, जणू त्यात काही बिघडलंय. ऑक्टोबरात ती खुर्चीत बसून झोपू लागली. पलंगावर आडवी झाली की खोकला यायचा. मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसायचे. मी विचारलं तर म्हणाली, “मोजे तूच दिलेत वाढदिवसाला. स्वस्तातले.”

नोव्हेंबरात, भोक उघडण्याच्या आधीच्या शुक्रवारी, ती मंडळाच्या बैठकीला गेली असताना मी तिच्या कपाटातून तिची बॅग भरली. रात्रीचे कपडे, जुना चष्मा, थोड्या गोळ्या, ओळखपत्र, दातांचा डबा. ती गाडीच्या डिकीत ठेवली आणि वर घोंगडं टाकलं.

मला काय हवं होतं ते नीट लिहिते. तिचा श्वास चौदा माणसांसमोर अडकावा आणि तिला नाही म्हणता येऊ नये, एवढंच मला हवं होतं. पायऱ्यांवर, कमरेइतक्या पाण्यात, मिनिटभर. मग तिसरी तारीख ती मुकाट्याने घेईल. ती मरावी असं मला वाटत नव्हतं. मरू शकते हे मला माहीत होतं.

रविवारी उणे अकरा होतं. मी तळ्यावर पोचले तर सौन्याच्या धुराड्यातून धूर येत होता. सगळे अंगरख्यांत उभे होते, पायांत लोकरीचे मोजे.

“या वर्षी जरा आधी तापून घेऊ,” आई म्हणत होती. “वारा आहे.”

रेइनोने मान खाली घालून लाकूड सारलं.

“नियम बदलला का, आई?” मी विचारलं.

“वारा आहे म्हटलं ना.”

“दोन वर्षांपूर्वी तर बर्फाचं वादळ होतं. झटक्यानंतर रेइनो पहिल्यांदा आले होते आणि त्यांनी हेच विचारलं होतं. डॉक्टर नको म्हणालेत, पण आधी जरा तापून एकदा उतरू का, म्हणून. तू त्यांना काय म्हणाली होतीस?”

“राहू दे काइसू,” रेइनो म्हणाला.

“तू सभासद नाहीस,” आई म्हणाली.

“नाही. मी नुसती विचारतेय. अध्यक्षबाईंना ऊब लागायला लागली का?”

लेम्पी हसली. तिला हसायचं नव्हतं, घाबरून हसली ती. पण आईने ते ऐकलं, आणि तेवढं पुरलं.

तिने अंगरखा उतरवून माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघता, खुंटीला अडकवावा तसा. धक्क्यावरून ती ताठ चालत गेली. शिडीच्या चार पायऱ्या ती उतरली. कमरेशी थांबली नाही. गळ्यापर्यंत गेली आणि वळून आमच्याकडे तोंड केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एरवी ती दहा मोजून वर यायची. त्या दिवशी ती थांबली. मला दाखवायला थांबली. मी मनात मोजत होते. तीस झाले. चाळीस झाले.

“हिल्का, बास झालं,” रेइनोने हाक मारली.

मी हाक मारली नाही. ती अजून हसत होती, आणि ती हसत असेपर्यंत मी जिंकलेली नव्हते.

वर येताना दुसऱ्या पायरीवर तिचा हात कठड्यावर घट्ट झाला. तोंड उघडं होतं. आवाज आला तो खोकल्याचा नव्हता. कॉफीचं भांडं उकळताना तळाशी येतो तसा, पण तिच्या छातीतून. दोघांनी तिला ओढून कपडे बदलायच्या खोलीत आणलं. ओठ निळे पडले होते. तोंडातून गुलाबी फेस आला आणि हनुवटीवरून ओघळला.

“आडवी करा तिला,” कोणी तरी म्हणालं.

“बसवा!” रेइनो ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्याने तिला भिंतीशी टेकवून बसवलं, पाय खाली सोडले, आपल्या खिशातला जिभेखाली मारायचा फवारा काढला आणि तिचा जबडा धरून दोनदा मारला. तिने त्याचा हात झटकायचा प्रयत्न केला. ताकद नव्हती. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो तिला धरून बसला. मी अंगरखा हातात घेऊन उभी होते.

तिसऱ्या दिवशी तिचा श्वास ताळ्यावर आला. नाकात नळी होती. मी खुर्चीवर बसले होते आणि तिची बॅग पलंगाशेजारी होती. ती बराच वेळ बॅगेकडे बघत होती.

“घरी कधी गेलीस तू?”

“नाही गेले.”

“मग ही कधी भरलीस?”

खोटं बोलता आलं असतं. “शुक्रवारी,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. इतकं नीट तिने मला कधी बघितलं नसावं.

“मी असते तर गुरुवारी भरली असती,” ती म्हणाली आणि शस्त्रक्रियेच्या कागदाकडे हात केला. “पेन आण.”

सही करताना डॉक्टरांनी सांगितलं की आकडा आता चोपन्न आहे. धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. आई म्हणाली, “चोपन्न म्हणजे पास.”

शस्त्रक्रिया चार तास चालली. झडप सुरेख बसली. डॉक्टर तसंच म्हणाल्या, “सुरेख,” आणि त्यांचा चेहरा तसा नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. एक थेंब मागे जात नाही, त्या म्हणाल्या. पण इतके महिने हृदयाला अर्धं काम सोपं होतं. मागचं दार उघडं होतं, तिकडे रक्त जोर न लावता जायचं, आणि तेही आकड्यात धरलं जायचं. आता ते दार बंद आहे. सगळं पुढे, पूर्ण दाबाविरुद्ध ढकलायचंय. हृदयात खरी ताकद किती उरली होती ते आता दिसतंय.

“किती?”

“तीस.”

“वाढेल?”

“कधीकधी वाढतं,” त्या म्हणाल्या.

मी आत गेले. आई उशांना टेकून बसली होती. नर्स सलाइन बदलत होती.

“बाहेर काय कुजबुजत होतात? किती आला?”

“तीस.”

“चूक असेल.”

“नाही.”

“मग दुरुस्ती कसली केली?”

मी तिला सांगितलं. डॉक्टरांनी मला सांगितलं तसंच, शब्द न बदलता.

“म्हणजे गळत होतं तोवर मी बरी होते.”

“बरी दिसत होतीस.”

“माझ्या वयाला ते एकच असतं.” मग तिने विचारलं, “एप्रिलमध्ये केलं असतं तर?”

“कदाचित चांगली झाली असतीस.”

“कदाचित म्हणू नकोस. नीट सांग.”

“झाली असतीस,” मी म्हणाले. “अजून दहा वर्षं पोहली असतीस. उशीर तू केलास.”

नर्सने माझ्याकडे वळून बघितलं. आईने डोळे मिटले. पुढचा अर्धा तास मी खुर्चीवर बसून होते, आणि माफी मागायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

ख्रिसमसच्या आधी आम्ही घरी आलो. मी बिनपगारी रजा घेतली. औषधं अकरा होती. ती पलंगापासून संडासापर्यंत जायची आणि मधे दोनदा थांबायची. आता बघायला झाडही नव्हतं, ती भिंतीकडे बघायची. मी हात पुढे केला की म्हणायची, “घड्याळ लाव. किती लागतात ते सांग.” एकदा मी खरंच लावलं. ती संतापली नाही. “वाईट,” म्हणाली, “पण तू स्कीवर याहून वाईट होतीस.”

जानेवारीत रेइनो आला. बायकोने भाजलेले वेलचीचे पाव घेऊन. तो दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला. आई त्याची वाट बघत होती असं मला वाटतं. सकाळीच तिने केस विंचरून घेतले होते. पस्तीस आणि तीस. त्याच्या टोमण्यांसाठी तिने उत्तरंसुद्धा तयार ठेवली असतील.

रेइनो खुर्चीच्या कडेवर बसला. “पहिले दोन महिने वाईट असतात,” तो म्हणाला. “पायऱ्यांचं तर विचारू नकोस. मग सवय होते, हिल्का. सकाळच्या गोळीनंतर अर्धा तास उठू नकोस. मला कोणी सांगितलं नव्हतं.”

“एवढंच सांगायला आलास?”

“आणि फवारा जवळ ठेव.”

“दुसरं काही?”

“नाही. काही लागलं तर सांग. लाकडं आणून टाकतो मी.”

तो गेल्यावर आईने पाव माझ्याकडे ढकलले. “तू खा. आणि त्याला परत आत घेऊ नकोस.”

“का? तो बरं बोलला.”

“म्हणूनच. टोमणा मारला असता तर कॉफी दिली असती.”

तो दोनदा आला. मी दोन्ही वेळा त्याला दारातून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी त्याने लाकडं फोडून पडवीत रचून ठेवली आणि बेल न वाजवता गेला. मी खिडकीतून बघत होते.

फेब्रुवारीत फुप्फुसांत पाणी पुन्हा साचायला लागलं. आकडा वाढला नाही. हॉस्पिटलात परत नेऊ नये असं तिने आधीच लिहून दिलं होतं, माझ्या सहीसकट. घरी येणारी नर्स सकाळी इंजेक्शन देऊन गेली आणि जाताना मला म्हणाली, आज कुठे बाहेर जाऊ नका.

साडेदहाच्या सुमाराला आईने उशी वर करायला सांगितली. मी केली. “अजून,” ती म्हणाली. मी सगळ्या उशा लावल्या, सोफ्यावरच्याही, तरी तिला उंच हवं होतं. शेवटी मी मागे बसले आणि ती माझ्या छातीला टेकली. तिचं वजन काहीच नव्हतं. असं आम्ही कधीच बसलो नव्हतो. माझ्या छातीवर तिच्या पाठीतला ठोका लागत होता, जोरात आणि घाईने, आणि तिची बोटं गार होती. मी तिचा हात हातात घेतला.

“काइसू.”

“हं.”

“तू ऊठ आता.”

“पडशील तू.”

“उशा लाव आणि जा. स्वयंपाकघरात जा. मोजत बसशील तू. तुझ्यासमोर नाही मरायचं मला.”

“मी मोजणार नाही.”

“मोजशील. मीच शिकवलंय.” तिला पुढच्या शब्दासाठी दोन श्वास घ्यावे लागले. “जा म्हटलं ना.”

मी उठले. तिच्या मागे उशा नीट रचल्या, खिडकी तिला आवडायची तेवढी उघडली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मधे तो थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. दोन खोल्यांत सात पावलांचं अंतर आहे. तिने हाक मारली असती तर मी गेले असते. तिने मारली नाही. मी टेबलावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले, पलीकडे आवाज राहीपर्यंत, आणि त्यानंतरही बराच वेळ.